मंजुळा होती की नव्हती?

“एखादं पुस्तक चांगलं की वाईट हे ज्याला धड सांगता येत नाही, त्यानं ग्रंथपाल होऊ नये,” असं आमच्या वाचनालयाच्या एका सभासदानं मला तोंडावर सुनावलं होतं. मी तरीही छत्तीस वर्षं श्रीगोंद्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढली. सुनावणाऱ्याचं चुकलं होतं असं मात्र मला आजही म्हणता येत नाही. एका कादंबरीपुरतं तरी माझं मत अजून ठरलेलं नाही. ती वाचनालयात आली तेव्हा मी तिशीत होतो आणि दुसरं महायुद्ध चालू होतं.

आमचं काम बाहेरून फार सोपं दिसतं. दोन खोल्या, एक ओटी, भिंतीला लावलेली सात कपाटं. पुस्तक द्यायचं, वहीत नाव लिहायचं, परत आलं की खोडायचं. उसवलेलं पुस्तक दोऱ्यानं शिवायचं, पुठ्ठा खळीनं चिकटवायचा. खळीत चिमूटभर मोरचूद टाकला की कसर लागत नाही. हे सगळं महिन्याभरात शिकता येतं. पण कुणी समोर उभं राहून “काहीतरी चांगलं द्या” म्हणालं की काय द्यायचं, हे मला शेवटपर्यंत शिकता आलं नाही.

एक गोष्ट मात्र मी आपोआप शिकलो. मिटलेल्या पुस्तकाची कड पाहायची. जी पानं लोकांनी पुनःपुन्हा वाचलेली असतात तिथं हातांच्या मळानं काळसर पट्टा पडतो. नको असलेली पानं पांढरी राहतात. वाचक तोंडानं काहीही सांगोत, कड खरं सांगते.

युद्धामुळे कागद मिळेनासा झाला होता आणि नवी पुस्तकं जवळजवळ बंदच झाली होती. अशा दिवसांत नगरच्या एका गृहस्थांनी घर बदलताना आपल्याकडची पुस्तकं आम्हाला देऊन टाकली. त्यांत एक तीन खंडांची कादंबरी होती. तिचं नाव मी इथं मुद्दाम देत नाही. पहिल्या पानावर नावाखाली ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, ‘ऐतिहासिक कादंबरी’. पुढचा सगळा घोटाळा त्या दोन शब्दांनी केला.

कथा निजामशाहीतली. भीमेच्या काठचा एक किल्ला, त्याचा किल्लेदार आणि त्याची मुलगी मंजुळा. मंजुळेचं मन एका तरुण स्वारावर जडलेलं. किल्ल्याला वेढा पडतो. वेढा उठावा म्हणून बाप तिला शत्रूकडच्या एका म्हाताऱ्या सरदाराला द्यायचं कबूल करतो. “बाबा, मला पसंत आहे,” असं ती हसून सांगते आणि आत जाऊन रडते. बापाला ते हसू खरं वाटतं. लग्नाच्या आदल्या दिवशी, तो स्वार तिला सोडवायला पोचण्याआधीच, ती तटावरून भीमेत उडी घेते. तिसऱ्या खंडाची शेवटची वीस-पंचवीस पानं नुसता बापाचा विलाप आहे.

पहिल्या दोन महिन्यांतच या पुस्तकावरून वाचनालयात दोन तट पडले.

एका बाजूला आमच्या इंग्रजी शाळेत इतिहास शिकवणारे दीक्षित मास्तर. उंच, काटक, कोटाच्या खिशात कायम एक टोक काढलेली शिसपेन्सिल. तिन्ही खंड त्यांनी आठवड्यात परत आणले आणि माझ्या टेबलावर आपटले.

“ग्रंथपाल, हे पुस्तक तुम्ही कपाटात ठेवता कसं? निजामशाहीतला किल्लेदार बटाट्याची भाजी खातो! दुसऱ्या खंडात बारा दिवसांत दोन पौर्णिमा येतात! मुलं हे वाचतात आणि परीक्षेत लिहून येतात. माझ्या वर्गातल्या तिघांनी वेढ्याचं कारण ‘मंजुळा’ असं लिहिलंय.”

दुसऱ्या बाजूला राधाक्का. गावातल्या वैद्यांच्या घरातल्या, पन्नाशीच्या विधवा. त्या काळी बायका पुस्तकांसाठी चिठ्ठी पाठवायच्या. स्वतः पायरी चढून येणाऱ्या राधाक्का एकट्याच. दीक्षितांचं म्हणणं मी त्यांच्या कानावर घातलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, “गोविंदराव, तिथं चांदणं हवंच होतं. ती दोघं काय अवसेच्या अंधारात भेटणार होती?”

“पण खरं-खोटं?”

“बापाला पोरीच्या मनातलं कळत नाही, हे खोटं आहे का? मी नऊ वर्षांची असताना माझं लग्न झालं. मलाही कुणी विचारलं नव्हतं.”

दीक्षित बोलत तेव्हा मला त्यांचं पटे. राधाक्का बोलत तेव्हा त्यांचं पटे. दोघं एकदम आले तर मी खळ ढवळायला आतल्या खोलीत जाई.

भांडण पुढे पुस्तकाच्या समासात गेलं. दीक्षितांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हे धादांत खोटे.’ त्याखाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं, ‘मग वाचता कशाला?’ त्याखाली तिसऱ्या हातानं, ‘युद्ध फार, प्रेम कमी.’ आणि त्याच्याखाली तालमीतल्या एका पैलवानाचं गिचमिड अक्षर मी ओळखलं, ‘प्रेम फार, युद्ध कमी.’ मी रबर घेऊन खोडत बसे. खोडता खोडता वाचत बसे.

शेवटी दीक्षितांनी पुस्तक काढून टाकावं असा अर्जच दिला आणि वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची बैठक बसली. सात सभासद. पुस्तक हलकं आहे, रुची बिघडवणारं आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग कुणीतरी सहज म्हणालं की तो स्वार वेळेवर पोचला असता तर बरं झालं असतं. दुसरे म्हणाले, पोचला असता तर मजा गेली असती. पुढचा पाऊण तास तो स्वार का पोचला नाही, यावर चर्चा झाली. सातही जणांनी तिन्ही खंड वाचलेले होते. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला आणि तिथंच राहिला.

इथवर सगळं गमतीचं होतं.

आमच्याकडे बाजारच्या दिवशी दुपारी ओटीवर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत होती. खेड्यांतून आलेले, वाचता न येणारे लोक लढाईच्या बातम्या ऐकायला बसत. कुणाचा भाऊ पलटणीत असे, कुणाचा मुलगा. वाचणारा मी. एकदा बातम्या लवकर संपल्या. लोक उठेनात. “मास्तर, एखादी गोष्ट वाचा की,” असा आग्रह झाला; खेड्यातले लोक मलाही मास्तरच म्हणत. मी हाताशी होता तो पहिला खंड उचलला. पुढे दर बाजारी बातम्यांनंतर तेच चालू राहिलं.

ऐकणाऱ्यांत सखाबा नावाचा शेतकरी होता. गाव कर्जत तालुक्याच्या शिवेवरचं, भीमेच्या अलीकडचं. वय पंचेचाळीस-पन्नास, अंगानं दांडगा, डोक्याला मळकं पागोटं. दर वेळी त्याच खांबाला टेकून बसे. मधे कुणी खोकलं तरी त्याला खपत नसे.

मंजुळेनं हसून “मला पसंत आहे” म्हटल्याचा भाग मी वाचला, त्या दिवशी बाकीचे उठून गेल्यावर सखाबा जवळ आला.

“मास्तर, ह्यो किल्ला भीमेकाठचाच ना? आमच्या गावापास्नं लांब न्हाई मग.”

“असेल.”

“ही समदं झाल्यालं हाय का?”

मी पहिलं पान उघडून दाखवलं, जणू त्याला वाचता येणार होतं. “ऐतिहासिक आहे, सखाबा.”

“ऐतिहासिक म्हंजी झाल्यालं, व्हय ना?”

“हो. म्हणजे काही झालेलं असतं, काही...”

मला वाक्य पुरं करता आलं नाही. तो माझं “हो” घेऊन निघून गेला.

पुढच्या महिन्यात मी शेवट वाचला. उडीचं पान संपवून मी मान वर केली. ओटीवरची माणसं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होती. सखाबा मात्र रडला नाही. खाली मान घालून बसून राहिला आणि मग कुणाशी न बोलता बैलगाडी जुंपून गेला.

दोन बाजार तो दिसला नाही. तिसऱ्या बाजारी आला तो हातात ओल्या हरभऱ्याची भली मोठी जुडी घेऊनच. ती माझ्या टेबलावर ठेवून त्यानं हात जोडले.

“मास्तर, तुमी माझी पोर वाचवली.”

मला काही कळेना. मग त्यानं सगळं सांगितलं. त्याची थोरली मुलगी हौसा, सतरा वर्षांची. तिची सुपारी फुटली होती मिरजगावकडच्या एका बिजवराशी. माणूस पस्तिशीचा, पहिल्या बायकोची दोन वर्षांची मुलगी पदरात. पुस्तक ऐकून सखाबा घरी गेला आणि त्याला झोप लागेना. चार दिवसांनी त्यानं लग्न मोडून टाकलं.

“मी त्या किल्लेदारागत आंधळा हुतो बगा,” तो म्हणाला. “पोरीला पान्यात ढकलाय निघालो हुतो.”

त्या दिवशी मी किती फुगलो ते सांगायला आज लाज वाटते. राधाक्का आल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच ही बातमी सांगितली. त्यांचे डोळे भरून आले. “आता विचारा तुमच्या दीक्षितांना, बटाटा महत्त्वाचा की हे महत्त्वाचं,” त्या म्हणाल्या.

दीक्षितांना मी खरंच विचारलं. ते खुर्चीतून उठलेच.

“एका पोरीचं ठरलेलं लग्न तुम्ही मोडलंत? न घडलेल्या गोष्टीवरून? अहो, सुपारी फुटून मोडलेल्या मुलीला खेड्यात काय काय ऐकून घ्यावं लागतं, याची कल्पना आहे का तुम्हाला? मंजुळा कुठल्याही बखरीत नाही. मी नगरपर्यंत जाऊन कागद पाहिलेत. त्या माणसाला हे सांगितलंत का?”

“नाही.”

“मग मी सांगतो.”

आणि पुढच्या बाजारी त्यांनी सांगितलं. माझ्या देखत, ओटीवर, दहा माणसांत. आवाज चढवला नाही, वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं. असा किल्लेदार नव्हता, अशी मुलगी नव्हती, लेखकानं मनानं रचलेली गोष्ट आहे. सखाबानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला.

“मास्तर, तुमी सांगा. मंजुळा हुती का न्हवती?”

ओटीवर सगळे माझ्याकडे पाहत होते. राधाक्का आत कपाटापाशी उभ्या होत्या, त्यांचंही पुस्तक उलटणं थांबलं होतं.

“नव्हती,” मी म्हणालो.

सखाबानं ओटीवरच्या माणसांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, “मग ही समदी रडली ती कुनासाटी?”

मी दीक्षितांकडे पाहिलं. सखाबा पायताण घालून निघून गेला आणि त्यानंतर वाचनालयाकडे फिरकला नाही.

महिनाभर मला चैन पडेना. शेवटी एका सुटीच्या दिवशी ओळखीच्या गाडीवानाबरोबर मी त्याच्या गावाला गेलो. माफी मागायची, आणि जमलं तर मोडलेलं जुळवून देण्याविषयी बोलायचं, असं मनात होतं. सखाबा वावरात बांध घालत होता. मी पुस्तकाचा विषय काढताच त्यानं हातानं थांबवलं.

“ती न्हवती तर न्हवती. माझी हाय ना? म्या मोडलं ती बरंच केलं. पर मास्तर, पुस्तकाचं काई बोलू नगा आता माझ्यापशी.”

एवढ्यात घरातून हौसा पाण्याचा तांब्या घेऊन आली. सडसडीत, सावळी मुलगी. तांब्या ठेवला आणि जाण्यापूर्वी तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, नीट, थांबून. तिला कुणीतरी सांगितलं असावं, हेच ते पुस्तकवाले मास्तर. त्या नजरेत कृतज्ञता आहे असं मी धरून चाललो आणि समाधानानं परत आलो. दीक्षितांना म्हणालो, मुलगी सुखात आहे.

पुढे दीड-दोन वर्षं तिचं जमलं नाही, हे उडत उडत कानावर आलं. मग जमलं. नवरा पलटणीतून परत आलेला, तरणा, धडधाकट. राधाक्कांना केवढा आनंद झाला! “स्वार वेळेवर पोचला म्हणायचा,” त्या म्हणाल्या. दीक्षितसुद्धा माझ्यावरचा राग विसरले. मीही माझ्यापुरता निकाल लावून टाकला की पुस्तक खोटं आहे, पण चांगलं आहे.

तो निकाल फार दिवस टिकला नाही.

स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं असेल. एका सकाळी वाचनालय उघडून मी झाडलोट करत होतो, तर एक लुगडं नेसलेली बाई ओटीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. हातात गाठोडं. मी ओळखलं नाही.

“मी हौसा. सखाबाची.”

मी तिला आत बोलावलं, बाकावर बसायला सांगितलं. ती आत आली, पण बसली जमिनीवरच. सखाबाची चौकशी केली. बरा होता. नवऱ्याची केली.

“त्यांचंबी बरं हाय. मानूस चांगला हाय.”

मला राहवलं नाही. म्हणालो, “हौसा, त्या पुस्तकामुळे तुझं भलं झालं, एवढं एक समाधान आहे बघ मला.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. वावरात पाहिलं होतं तसंच.

“मास्तर, मला त्यो मिरजगावचा पसंत हुता.”

मी हातातला झाडू खाली ठेवला.

“त्याची मेलेली बायकू म्हंजी माझी मामेबहीन, शेवंता. आमी दोगी एका ताटात जेवलेल्या. ती गेली तवा तिची पोर सा म्हैन्याची हुती. माझ्या मांडीवरच वाढली पैलं वरीस. त्या पोरीसाटी म्याच आईला म्हनलं हुतं, मला तितं द्या म्हनून. मानूसबी गरीब सोबावाचा. वय जास्ती हुतं, तर काय झालं?”

“मग हे तू वडिलांना सांगितलं नाहीस का? लग्न मोडायच्या आधी त्यांनी तुला विचारलं नाही?”

“इचारलं की. लई पिरमानं इचारलं. म्हनले, हौसा, तुला पसंत हाय का? म्या हसून म्हनलं, मला पसंत हाय.” ती थांबली. “आप्पा एकदम रडायलाच लागले. म्हनले, तीबी असंच म्हनली हुती.”

राधाक्कांना, दीक्षितांना, मंडळाच्या सातजणांना, कुणालाच त्या पुस्तकाविषयी हे सुचलं नव्हतं. सखाबानं आयुष्यात पहिल्यांदा मुलीला विचारलं, ते पुस्तकामुळे. आणि तिनं दिलेलं उत्तर त्याला खरं वाटलं नाही, तेही पुस्तकामुळेच. मग हे पुस्तक चांगलं म्हणायचं की वाईट? मी तिची माफी मागावी तर नक्की कशाची मागावी, हेही मला समजेना.

“आणि ती मुलगी?” मी विचारलं.

“त्यानं दुसरीकडं केलं लगीन. ती बाई वाईट न्हाई, पर तिला तिची दोन हायती. पोर वाळली हाय नुसती.” हौसानं गाठोडं जवळ ओढलं. “तिलाच आनाय निगालीय आज. आमच्या ह्यांनी व्हय म्हनलंय, त्यानंबी निरोप धाडलाय, घेऊन जा म्हनून. आता माझ्यापशीच ऱ्हाईल. साळंत जाती ती, अक्षरं वळकती. म्हनून आले तुमच्याकडं. तिच्यासाटी एखादं पुस्तक द्या.”

मी उठून कपाटं उघडली. सात कपाटांतली पुस्तकं मला पाठ होती आणि त्या सकाळी त्यांतलं एकही हाताला येईना. राजाराणीच्या गोष्टी काढल्या, परत ठेवल्या. थोरांची चरित्रं काढली. तीही ठेवली. प्राण्यांच्या गोष्टींचं एक पातळसं पुस्तक मिळालं, तर त्यातला कोल्हा बोलत होता. एरवी मी इतका विचार कधी केला नसता. खरं द्यावं तर कोणतं, खोटं द्यावं तर कोणतं, आणि त्यातून त्या लहान मुलीचं काय होईल, या विचारानं मी कपाटं नुसती उघडत-मिटत होतो. बाहेर मिरजगावच्या मोटारीचा भोंगा वाजला. मी घाईघाईनं चार-पाच पुस्तकं एकावर एक रचून तिच्यापुढे केली.

“यातलं कुठलंही ने,” मी म्हणालो.

हौसानं वरच्या पुस्तकावरून एकदा हात फिरवला आणि ती चळत तशीच माझ्याकडे सरकवली.

“असं नगं, मास्तर,” गाठोडं उचलत ती म्हणाली. “तिला घेऊनच येते हितं. तिलाच इचारा, काय पायजे ती. आन ती सांगंल तीच द्या.”